यिन छ्याओ सान : वारा-उष्णतेच्या तापावरचं चिनी औषध – प्रमाण, कृती आणि कुठे चुकतं

पाणकणीस

ताप चढायला लागलाय, घसा खवखवतोय, तहान लागतेय आणि थंडी मात्र फारशी वाजत नाही, अशा वेळी चिनी वैद्यकात सगळ्यात आधी ज्याचं नाव निघतं ते यिन छ्याओ सान. मराठीत याबद्दल जे फिरतं ते बहुतेक 'चायनीज काढा, सर्दीवर गुणकारी' एवढ्यावरच थांबतं. म्हणून मूळ प्रमाणासकट नीट लिहून ठेवतो.

हे औषध जिआंगसू प्रांतातल्या ह्वाय-यिनचे वैद्य वू ज्यूतोंग (१७५८–१८३६) यांचं. त्यांचा 'वन बिंग त्याओ ब्यान' हा उष्ण तापांवरचा ग्रंथ १७९८ मध्ये लिहून झाला आणि १८१३ मध्ये छापला गेला. त्यात तिखट-थंड औषधांच्या तीन पायऱ्या आहेत. हलकी सांग ज्यू यिन, मधली यिन छ्याओ सान आणि जड बाय हू तांग.

मूळ प्रमाण असं (१ ल्यांग म्हणजे १० छ्येन, छिंग काळातला छ्येन साधारण ३.७३ ग्रॅम):

लियान छ्याओ (फोर्सिथियाची फळं) १ ल्यांग, जिन यिन हुआ (जपानी हनीसकलच्या कळ्या) १ ल्यांग, ज्ये गंग (प्लॅटिकोडॉनचं मूळ) ६ छ्येन, बो हे (चिनी पुदिना) ६ छ्येन, नियू बांग झी (बरडॉकचं बी) ६ छ्येन, कच्चं गान त्साओ (ज्येष्ठमधाची चिनी जात) ५ छ्येन, दान दोऊ छी (आंबवलेलं सोयाबीन) ५ छ्येन, झू ये (बांबूची पानं) ४ छ्येन, जिंग ज्येचे (शिझोनेपेटा, एक सुगंधी झुडूप) तुरे ४ छ्येन.

एकूण ५६ छ्येन. सगळं एकत्र कुटून भरड करायची आणि एका वेळी ६ छ्येन घ्यायची. ती साध्या पाण्यात नाही, तर ताज्या लू गनच्या पाण्यात उकळायची. लू गन म्हणजे पाणथळ जागी उगवणाऱ्या नळ-गवताचे जमिनीतले कांडे. वास जोरात सुटला की भांडं खाली. आजची पाठ्यपुस्तकं छ्येनला ३ ग्रॅम धरून हेच प्रमाण ३०, ३०, १८, १८, १८, १५, १५, १२, १२ ग्रॅम असं देतात. बेरीज १६८ ग्रॅम, म्हणजे १८ ग्रॅमच्या साधारण नऊ पुड्या.

कडूगोड

उत्तम धागा. कृतीतला एक मुद्दा ठळक करायला हवा, कारण आपल्याकडे काढा म्हटलं की हात आपोआप आटवण्याकडे जातो. आयुर्वेदातला क्वाथ भरडीच्या सोळापट पाण्यात उकळून आठवा किंवा चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवतात. यिन छ्याओ सान तसं केलंत तर हाती उरतं ते कडू, तपकिरी पाणी. कामाचा भाग वाफेबरोबर गेलेला असतो. बो हे आणि जिंग ज्ये या दोन्हींचं काम त्यांच्या उडणाऱ्या तेलावर आहे. वू यांनी हेच त्यांच्या भाषेत सांगितलंय: फुप्फुसाचं औषध हलकं हवं, जास्त उकळलं तर चव दाट होते आणि ते मधल्या भागात, पोटाकडे उतरतं. आयुर्वेदातलं जवळचं उदाहरण हवंच असेल तर क्वाथापेक्षा फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेलं औषध) घ्या.

घरच्या भांड्यात करायचं तर: ३० ग्रॅम सुकं लू गन (ताजं असेल तर ६०) अर्धा लिटर पाण्यात १५ ते २० मिनिटं उकळून गाळायचं. त्या पाण्याला परत उकळी आणायची, १८ ग्रॅम भरड टाकायची, लगेच झाकण ठेवायचं आणि आच कमी करायची. तीन ते पाच मिनिटांत पुदिन्याचा वास खोलीभर होतो. तिथे गॅस बंद, आणखी दोन मिनिटं झाकून ठेवून फडक्यातून गाळायचं. भरड चहाच्या पुडीइतकी जाड हवी. मैद्यासारखी दळली तर गाळताना गाळ उतरतो आणि घशाला अजूनच टोचतो. भांडं स्टीलचं, मातीचं किंवा काचेचं घ्या, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं नको.

मोजमाप

मात्रेवर थोडा हिशोब, कारण '१८ ग्रॅमच्या पुडीत हनीसकल ते किती असणार' ही शंका नेहमी येते.

१६८ पैकी ३० ग्रॅम, म्हणजे एका पुडीत ३.२ ग्रॅम. कमी वाटतं. पण वू यांच्या वेळापत्रकात आजार जोरात असेल तर दर दोन 'शिछन'ला एक मात्रा आहे. एक शिछन दोन तासांचा, म्हणजे दर चार तासांनी. दिवसा तीन आणि रात्री एक. चार पुड्यांत हनीसकल १२.८ ग्रॅम होतं. आजचे वैद्य हेच औषध तुकड्यांच्या काढ्याच्या रूपात (भरड न करता, कापलेल्या वनस्पती उकळून) देतात तेव्हा दिवसाला ९ ते १५ ग्रॅम हनीसकल लिहितात, म्हणजे आकडा तिथेच येतो. फरक वाटणीत आहे. थोडं, ताजं आणि पुन्हा पुन्हा. आजार सौम्य असेल तर दर सहा तासांनी, दिवसा दोन आणि रात्री एक.

सकाळी एकदाच मोठं पातेलं चढवून दिवसभर तेच गरम करून प्यायलं तर ग्रॅमचा हिशोब जुळतो, पण औषध तेच राहत नाही. प्रत्येक पुडी वेगळी उकळायची. हा कंटाळा टाळायचा म्हणूनच गोळ्या आणि दाणेदार अर्क निघाले.

निशिगंध_२

तुकड्यांच्या काढ्याचं प्रमाणही देते, कारण परदेशातल्या चिनी दुकानांत बहुधा तसंच बांधून मिळतं. एका दिवसासाठी: हनीसकल ९ ते १५, फोर्सिथिया ९ ते १५, बरडॉक ९, ज्ये गंग ६, बो हे ६, गान त्साओ ५, दोऊ छी ५, जिंग ज्ये ४ ते ५, बांबूची पानं ४, लू गन १५ ते ३० ग्रॅम. बो हे वेगळ्या पुडीत बांधून मागायचा, कारण तो शेवटी पडतो. बाकीचं २० मिनिटं भिजवायचं, पाणी औषधाच्या दोन बोटं वर, उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं, शेवटच्या तीन-चार मिनिटांत बो हे.

बरडॉकचं बी आयत्या वेळी खलात फोडायचं. अख्खं टाकलं तर कवच तसंच राहतं आणि पाण्यात फारसं काही उतरत नाही. हे बी तेलकट आहे, पोट सैल करतं. ज्याला आधीच जुलाब होतायत त्याच्यासाठी ते कमी करतात किंवा भाजून घेतात.

दक्षिणदारा

माल ओळखण्याबद्दल लिहितो. निम्मी गडबड तिथेच होते.

जिन यिन हुआ म्हणजे उमललेलं फूल नव्हे, कळी. चांगल्या मालात कळ्या दोन ते तीन सेंटीमीटर लांब, खालून बारीक आणि टोकाकडे जाडसर होत जाणाऱ्या असतात. रंग पिवळट किंवा हिरवट पांढरा. बोटात धरून उजेडाकडे केली की बारीक लव दिसते. उघडलेली फुलं, पानं आणि काड्या जितक्या कमी तितका माल वरचा. शांतोंगमधलं फिंगयी आणि हनानमधलं फंगछ्यू ही यासाठी नावाजलेली ठिकाणं आहेत. कळ्या फारच एकसारख्या उजळ दिसत असतील आणि पिशवी उघडताच नाकात आंबट-झणझणीत काही चढत असेल तर गंधकाची धुरी दिलेली आहे. असा माल घेऊ नका. दम्याच्या माणसाला तर अजिबात देऊ नका.

दुसरी अडचण शान यिन हुआची. ही हनीसकलच्याच दुसऱ्या काही जातींची फुलं. चिनी औषधकोशाने २००५ च्या आवृत्तीत दोन्ही वेगळी केली. शान यिन हुआ स्वस्त असतं, म्हणून पाकिटावर नेमकं कुठलं नाव आहे ते वाचून घ्या.

लियान छ्याओचेही दोन प्रकार. 'छिंग छ्याओ' म्हणजे हिरवं असताना तोडून, वाफवून सुकवलेलं बंद फळ, आणि 'लाओ छ्याओ' म्हणजे पिकून पिवळं झालेलं, तोंड उघडलेलं. यिन छ्याओ सानसाठी हल्ली बहुतेक जण छिंग छ्याओ पसंत करतात. भाव चढला की शानशीच्या डोंगरांत वेळेआधीच कोवळी फळं ओरबाडतात, ती हलकी आणि सुरकुतलेली निघतात.

जाईजुई

घरच्या बागेतलं चालेल का, असं पुष्कळजण विचारतात म्हणून लिहिते. आपल्या कुंपणावरची मधुमालती हे हनीसकल नव्हे! काही भारतीय शब्दकोशांत आणि रोपवाटिकांच्या पाट्यांवर दोन्हींची सरमिसळ असते. आपली मधुमालती, म्हणजे रात्री पांढरी उमलून पुढे गुलाबी-लाल होणारी वेल, अगदी वेगळ्या कुळातली आहे. तिच्या कळ्या यात घालायच्या नाहीत.

पुदिनाही तपासून घ्या. चटणीचा पुदिना वेगळ्या जातीचा, त्याच्या वासात मेंथॉल जवळपास नाही. बो हेच्या जवळ जाणारा म्हणजे उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथॉलच्या तेलासाठी लावतात तो. पान चुरगळून हुंगलं की थंडावा थेट नाकात चढतो.

आणि दोऊ छी. चिनी किराण्यातलं काळं खारट दोऊ छी स्वयंपाकाचं असतं. औषधाचं 'दान' म्हणजे बिनमिठाचं. ते करण्याची रीत छान आहे: एक किलो सोयाबीनला प्रत्येकी ७० ते १०० ग्रॅम तुतीची पानं आणि छिंग हाव (आर्टेमिसिया) यांचा काढा जिरवायचा, वाफवायचं, त्याच पानांच्या चोथ्याखाली झाकून पिवळी बुरशी चढेपर्यंत ठेवायचं, मग धुऊन बंद भांड्यात आणखी १५ ते २० दिवस मुरवायचं, थोडं वाफवून सुकवायचं. इतकी उस्तवार घरी करू नये, चुकीची बुरशी आली तर ओळखता येणार नाही. मिळालं नाही तर दोऊ छी गाळून टाका, खारट घालू नका.

कडूगोड

आता मुख्य गोष्ट, हे औषध कोणाला नाही.

चिनी पद्धतीत सर्दी-तापाची सुरुवात ढोबळमानाने वारा-थंडी किंवा वारा-उष्णता अशी बघतात. वारा-थंडीत हुडहुडी जास्त, अंग आणि मान आखडलेली, नाकातून पाण्यासारखी धार, तहान नाही, घाम नाही, जिभेवर पातळ पांढरा थर, नाडी वरवर लागणारी पण ताणलेली. वारा-उष्णतेत ताप जास्त आणि थंडी नावापुरती, घसा लाल आणि दुखरा, तहान, नाकाचा स्राव दाटसर, जिभेचं टोक लाल, नाडी वरवरची आणि जलद. यिन छ्याओ सान दुसऱ्या प्रकारासाठी आहे. पहिल्या प्रकारात दिलं तर हुडहुडी लांबते, पोट गार पडतं, भूक जाते आणि माणूस म्हणतो चिनी औषधाने काही झालं नाही.

आपल्या घरांत तापावर सुंठ, मिरी, दालचिनी, तुळशीचा काढा देतात. चिनी हिशोबाने ती उष्ण दिशा झाली. एकाच दिवशी सकाळी सुंठीचा काढा आणि संध्याकाळी यिन छ्याओ असं करू नये, एक दुसऱ्याच्या उलट खेचतं. वू यांच्या मांडणीतला 'वारा' आपला वात धरून चालायचं नाही, आणि 'उष्णता' म्हणजे पित्त नव्हे. दोन्ही शास्त्रांची नावं एकमेकांवर चिकटवली की औषध चुकतं.

पाणकणीस

इथे एक मतभेद नोंदवतो. वू यांच्या मूळ वाक्यात, सुरुवातीला वारा-थंडी नकोशी वाटत असेल तर ग्वेइ झी तांग (दालचिनीच्या फांद्यांचं जुनं औषध, हान काळातल्या झांग झोंगजिंग यांचं) द्या आणि नुसता ताप, थंडी नाही, तहान आहे अशा वेळी यिन छ्याओ द्या, असं आहे. पुढच्या वैद्यांना उष्ण तापाच्या ग्रंथात ग्वेइ झी तांग पहिलंच आलेलं पटलं नाही. आजची पुस्तकं तर यिन छ्याओच्या लक्षणांतच 'थोडी थंडी वाजणे' धरतात. माझं मत आजच्या पुस्तकांच्या बाजूचं आहे, आणि कारण औषधाच्या घडणीतच आहे. थंड औषधांत वू यांनी जिंग ज्ये आणि दोऊ छी ही दोन थोडी उष्ण, बाहेर ढकलणारी द्रव्यं मुद्दाम ठेवली आहेत. ५६ पैकी ९ छ्येन, सहावा हिस्साही नाही. थंडी अजिबात नसती तर त्यांची गरज काय होती?

निशिगंध_२

पटलं. आणि याच दोन द्रव्यांवरून वू यांचे फेरफार समजतात. नाकातून रक्त येत असेल तर जिंग ज्ये आणि दोऊ छी दोन्ही काढायची आणि बाय माओ गन (एका गवताचं मूळ), जाळून कोळसा केलेलं त्स बाय (प्लॅटिक्लॅडसची पानं) आणि जाळलेलं झी झी (गार्डेनियाचं फळ) प्रत्येकी ३ छ्येन घालायचं. बाकीचे असे: छाती जड वाटत असेल तर ह्वो श्यांग (पॅचौली) आणि यू जिन (हळदीच्या जातीचा कंद) ३-३ छ्येन, तहान फार असेल तर त्यान हुआ फन (ट्रायकोसँथिसचं मूळ), मानेशी सूज आणि घसा दुखत असेल तर मा बो (पफबॉल बुरशी) आणि श्वान शन (स्क्रोफुलारियाचं मूळ), खोकल्याला जर्दाळूच्या बिया (शिंग रन). दोन-तीन दिवसांनी उष्णता आत सरकतेय असं वाटलं तर शंग दी (रेहमानियाचं कच्चं मूळ) आणि माय दोंग (ऑफिओपोगॉनचं मूळ). तरीही उतरली नाही किंवा लघवी कमी झाली तर झी मू (अनेमारेनाचा कंद), ह्वांग छिन (स्कुटेलारियाचं मूळ) आणि झी झी.

जर्दाळूच्या बियांपासून सायनाइड तयार होतं. त्या मोजून आणि जाणकाराने लिहूनच घ्यायच्या, मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत.

खोकला हीच मुख्य तक्रार असेल आणि ताप जेमतेम, तर फेरफार करत बसण्यापेक्षा सांग ज्यू यिन बरं: शिंग रन, ज्ये गंग, लू गन २-२ छ्येन, तुतीची पानं अडीच, लियान छ्याओ दीड, शेवंती १, बो हे आणि गान त्साओ प्रत्येकी ०.८. दोन पेले पाण्याचा एक पेला, दिवसातून दोनदा.

दक्षिणदारा

गोळ्यांकडे येऊ या. यात फसगत होते ती गंभीर असते.

'यिन छ्याओ ज्ये दू' नावाच्या गोळ्यांत हीच नऊ द्रव्यं आहेत (बांबूऐवजी दान झू ये नावाचं गवत). पण 'व्हिटॅमिन सी यिन छ्याओ' हे वेगळं प्रकरण आहे. त्यात वनस्पतींबरोबर दर गोळीत साधारण १०५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि १ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरफेनिरामाइन असतं. दिवसाला सहा गोळ्या म्हणजे ६३० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. वरून घरातली पॅरासिटामॉलची गोळी आणि सर्दीची संयुक्त गोळी घेतली तर तेच औषध तीनदा पोटात जातं आणि यकृतावर ताण येतो. क्लोरफेनिरामाइनने झोप येते, गाडी चालवू नये. सिंगापूर, हाँगकाँग, शेनझेनकडच्या आपल्या लोकांनी चिनी दुकानातून 'हर्बल' म्हणून घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी.

'ल्यान हुआ छिंग वन' हे यिन छ्याओ सान आणि मा शिंग शी गान तांग (एफेड्रा, जर्दाळूच्या बिया, जिप्सम आणि ज्येष्ठमध यांचं जुनं औषध) यांची सांगड आहे. त्यात मा ह्वांग, म्हणजे एफेड्रा असतो. रक्तदाब, हृदयाचे ठोके, काचबिंदू, प्रोस्टेट यापैकी काही असेल तर टाळा.

मोजमाप

परिणामाचा पुरावा विचारला जातो, तर सगळ्यात जास्त दिला जाणारा आकडा २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळचा आहे. अभ्यास २०११ मध्ये छापून आला. चीनमधली ११ रुग्णालयं, १५ ते ५९ वयाचे ४१० रुग्ण, सौम्य आजार. ताप उतरायला लागलेला मध्यक वेळ: काहीही न दिलेल्या गटात २६ तास, ओसेल्टामिविर (टॅमिफ्लू) २०, चिनी काढा १६, दोन्ही मिळून १५.

हे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो काढा निव्वळ यिन छ्याओ सान नव्हता, मा शिंग शी गानशी जोडलेला १२ द्रव्यांचा होता, त्यात मा ह्वांगही होता. आणि कोण काय पितंय ते रुग्णांना ठाऊक होतं, बनावट काढा दिला नव्हता. त्यामुळे 'टॅमिफ्लूपेक्षा भारी' असं यावरून म्हणता येत नाही. सौम्य फ्लूमध्ये तपासून बघण्याजोगं औषध आहे, इतकंच म्हणता येतं.

जाईजुई

कोणी घेऊ नये याची भर घालते. जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणारं विकर) कमतरता असलेल्या बाळांना हनीसकल देऊ नये असं सिंगापूर-हाँगकाँगमध्ये पालकांना सांगतात. सिंगापूरला जन्मतःच ही तपासणी होते, तेव्हा कार्ड बघून घ्या. तान्ह्या बाळाला हे घरी करून पाजायचंच नाही. गरोदर बाईने जाणकाराशिवाय घेऊ नये. रक्तदाबाच्या, पोटॅशियमच्या किंवा सूज उतरवायच्या गोळ्या चालू असतील तर गान त्साओचा विचार करावा लागतो, कारण ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं आणि दाब चढतो.

आणि महाराष्ट्रातल्यांसाठी: पावसाळ्यातला चढा ताप, डोळ्यांमागे दुखणं, सांधे धरणं याला 'वारा-उष्णता' समजून काढा उकळत बसू नका. डेंगी, मलेरिया, लेप्टो यांची तपासणी आधी. डेंगीत ताप उतरतो तेव्हाच पोटदुखी, उलट्या, हिरड्यांतून रक्त सुरू झालं तर थेट रुग्णालय. धाप लागणं, गुंगी, मान ताठणं, अंगावर न दबणारे लाल ठिपके यांनाही हेच लागू.

कडूगोड

घाम काढण्याचा अट्टाहास नको, हेही लिहायला हवं. ग्वेइ झी तांगनंतर गरम पातळ पेज पिऊन पांघरूण घेतात, ती रीत इथे लावू नये. इथे कपाळ आणि पाठ किंचित ओलसर झाली की पुरे. जेवण साधं: मऊ भात, मुगाचं पाणी. तळलेलं, मटण आणि दारू नको. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर तेच औषध रेटायचं नाही. ते सुरुवातीचंच औषध आहे. ताप खूप चढून, घाम आणि प्रचंड तहान सुरू झाली की गोष्ट बाय हू तांगच्या हद्दीत गेलेली असते, आणि तिथे घरगुती प्रयोग थांबलेले बरे.

मोजमाप

@पाणकणीस, अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधी आणि खाजऱ्या इसबावर वारा-उष्णतेचं म्हणून हेच सुचवलेलं काही ठिकाणी दिसतं. ते श्याओ फंग सान असावं ना?

पाणकणीस

हो, ते वेगळं. १६१७ सालच्या छन शिगोंग यांच्या शस्त्रवैद्यकाच्या ग्रंथातलं. दांग ग्वेइ, शंग दी, फांग फंग, छान त्वेइ (सिकाडा किड्याची कात), झी मू, खू शन, हू मा (तीळ), जिंग ज्ये, त्सांग झू, नियू बांग झी, शी गाव (जिप्सम) ही अकरा प्रत्येकी १ छ्येन, गान त्साओ आणि मू तोंग प्रत्येकी अर्धा छ्येन. दोन वाट्या पाणी एका वाटीच्या आठ दशांशापर्यंत आटवून रिकाम्या पोटी. इथे घशाचा संबंध नाही. खाज, पुरळ आणि खाजवल्यावर येणारी लस हे बघून देतात.

यात धोका मू तोंगचा आहे. पूर्वी त्या नावाखाली ग्वान मू तोंग विकलं जायचं. त्यातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. चीनने २००३ मध्ये त्याची मान्यता काढली. आज मू तोंग म्हणजे अकेबिया, आणि पुष्कळ ठिकाणी छ्वान मू तोंग नावाची मोरवेलीच्या जातीतली काडी देतात. जुना साठा किंवा ऑनलाइन आलेलं, नुसतं 'मू तोंग' लिहिलेलं पाकीट असेल तर वापरू नका. तसंच फांग फंग मागताना फांग जी हातात पडत नाही ना ते बघा. नावं जवळची आहेत, आणि बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन घटवण्याच्या औषधात फांग जीच्या जागी ग्वांग फांग जी गेल्याने कित्येक बायकांची मूत्रपिंडं गेली. दुकानदाराकडून पिशवीवर लॅटिन नाव लिहून घ्या, तो लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा.